ड्रॅगचे टायर घेतले, पण गाडीत बसत नाहीत किंवा पकडत नाहीत: रोजच्या गाडीसाठी निवड आणि निवारण

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यातील आमच्या मित्रमंडळींपैकी कुणी ड्रॅगला, म्हणजे सरळ धावपट्टीवरच्या पाव मैलाच्या शर्यतीला, आपली रोजची गाडी न्यायचे ठरवले, की त्याच तक्रारी पुन्हा पुन्हा समोर येतात. टायर मऊ रबराचे, रुंद आणि महागडे घेतलेले असतात. मात्र गाडीवर चढवल्यावर ते पूर्ण वळणावर मडगार्डच्या प्लास्टिकच्या अस्तराला घासतात, किंवा आतल्या बाजूने शॉकअब्सॉर्बरला टेकतात, किंवा सारे नीट बसूनही सुटताना चाके पूर्वीइतकीच जागच्या जागी फिरतात. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत, पण पहिल्या दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी होते: टायर आधी घेतला जातो आणि गाडीतली जागा नंतर मोजली जाते.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती तपशिलाने सांगतो. माझी गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, मूळ टायर १८५/६० आर१५ (रुंदी १८५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६० टक्के, रिमचा व्यास १५ इंच), रिम ६ इंच रुंद आणि ऑफसेट ४० (रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणारे तिचे पृष्ठ किती मिमी बाहेर आहे तो आकडा). मी ७ इंच रुंद, ऑफसेट ३५ च्या रिम घेतल्या आणि त्यांवर २०५/५० आर१५ मापाचे मऊ टायर चढवले. दुकानदाराने "आरामात बसतील" असे सांगितले होते आणि गाडी सरळ उभी असताना ते खरोखरच बसलेले दिसत होते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना, गाडीत आम्ही चौघे असताना, वळणातल्या एका खोलगट जागी पुढच्या डाव्या चाकाकडून करवतीसारखा आवाज आला. वर पोहोचून पाहिले तर अस्तर फाटले होते आणि टायरच्या खांद्यावर बोटभर रुंदीचा पट्टा झिजून गुळगुळीत झाला होता. जळगावला परतल्यावर, चाकांचे अलाइनमेंट करणाऱ्या ज्या वडीलधाऱ्या कारागिरांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, त्यांनी टायरकडे पाहिलेही नाही. ते एवढेच म्हणाले, "भाऊ, आधी जागा मोजू, मग टायरचं बोलू." त्या दिवशी त्यांनी जी पद्धत दाखवली, तीच आज मी इतरांना सांगतो.

जागा कशी मोजावी

पहिले माप व्यासाचे. टायरवर छापलेल्या रुंदीला टक्केवारीने गुणावे, दुप्पट करावे आणि त्यात रिमचा व्यास मिळवावा. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. १८५/६० आर१५ चा व्यास या हिशोबाने ६०३ मिमी येतो. १९५/५५ आर१५ चा ५९५.५, २०५/५० आर१५ चा ५८६ आणि २०५/५५ आर१५ चा ६०६.५ मिमी. म्हणजे मी घेतलेला टायर मूळ टायरपेक्षा व्यासाने १७ मिमी लहान होता. गाडी साडेआठ मिमी खाली बसली, वेगमापक खऱ्या वेगापेक्षा सुमारे तीन टक्के अधिक दाखवू लागला आणि प्रत्येक गिअर तेवढाच आखूड झाला. शर्यतीसाठी आखूड गिअर काही वेळा हिताचा असतो, कारण सुटताना जोर वाढतो. परंतु शेवटची रेषा येण्याच्या ऐन आधी एक गिअर अधिक बदलावा लागला तर मिळवलेला वेळ तेथेच खर्च होतो. माझे मत असे की रोजच्या गाडीत मूळ व्यासापासून दोन टक्क्यांहून अधिक दूर जाऊ नये.

दुसरे माप आत आणि बाहेर सरकण्याचे, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. लोक रिमची रुंदी पाहतात, ऑफसेट पाहत नाहीत. रिमची अर्धी रुंदी आणि ऑफसेट यांची बेरीज केली की हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाच्या, पृष्ठापासून रिमची कड आत किती जाते ते कळते. अर्ध्या रुंदीतून ऑफसेट वजा केला की ती बाहेर किती येते ते कळते. माझी मूळ रिम आत ११६.२ आणि बाहेर ३६.२ मिमी होती. नवी रिम आत १२३.९ आणि बाहेर ५३.९ मिमी झाली. आतली जागा ७.७ मिमी घटली आणि बाहेरची कड तब्बल १७.७ मिमी पुढे आली. "फक्त एक इंच रुंद रिम" असे म्हणून घेतलेली वस्तू मुख्यतः बाहेरच्या बाजूला वाढली होती. मग पूर्ण वळणावर टायरचा पुढचा खांदा अस्तरात शिरला यात नवल नव्हते. त्याच ७ इंची रिमचा ऑफसेट ४३ च्या आसपास असता तर वाढ आत-बाहेर अधिक सारखी वाटली गेली असती, मात्र तेव्हा आत शॉकअब्सॉर्बरपाशी १५ मिमीहून थोडी अधिक जागा मोकळी असणे आवश्यक ठरले असते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. टायरवर छापलेली २०५ ही नाममात्र रुंदी असते. फुगवलेल्या टायरचा पोटाचा भाग त्याहून काही मिमी रुंद भरतो आणि तोच टायर अर्धा इंच अधिक रुंद रिमवर चढवला की रुंदी आणखी सुमारे ५ मिमी वाढते. प्रत्येक मापाला रिमची मर्यादाही ठरलेली असते. १९५/५५ आर१५ साठी ती साडेपाच ते सात इंच, तर २०५/५० आर१५ साठी साडेपाच ते साडेसात इंच आहे. या मर्यादेच्या बाहेर जाऊन टायर ताणून किंवा दाबून बसवू नये, विशेषतः हवा कमी करून धावायचे असेल तेव्हा तर मुळीच नाही, कारण बाजूची भिंत आधीच वाकडी असेल तर सुटतानाच्या धक्क्याने कड रिमवरून निसटण्याचा धोका असतो.

प्रत्यक्ष मोजणी अगदी साध्या साधनांनी होते. गाडी सपाट जागी जॅकवर घ्यावी, खाली घोडी लावावी, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवावे आणि प्रत्येक वेळी टायर ज्या ज्या जागी जवळ येतो तेथे कणकेचा घट्ट गोळा दाबून ठेवावा: शॉकअब्सॉर्बरच्या खालच्या भागावर, स्प्रिंगच्या बैठकीखाली, अस्तराच्या पुढच्या आणि मागच्या वळणावर, मडगार्डच्या आत वळलेल्या पत्र्याच्या कडेवर. त्यानंतर लोअर आर्मखाली (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याखाली) दुसरा जॅक लावून चाक जितके वर जाईल तितके उचलावे आणि हीच कृती पुन्हा करावी. गोळा किती दबला ते कळले की किती जागा उरली ते कळते. शॉकअब्सॉर्बरपाशी किमान ६ ते ८ मिमी आणि मडगार्डकडे किमान १० मिमी मोकळी जागा असावी, असे मी मानतो. शेवटी ज्याने ही गाडी रोज भरून चालवायची आहे त्याने मागे दोन माणसे बसवून एक फेरी मारावी. गाडी रिकामी असताना जे घासत नाही ते मुक्ताईनगरच्या जत्रेला कुटुंब घेऊन जाताना घासते.

रिम बसते आहे, पण कंप येतो

घासण्याच्या खालोखाल ही आणखी एक तक्रार येते. शहरात काही जाणवत नाही, पण सुरत-नागपूर महामार्गावर गाडी ऐंशी-नव्वदला पोहोचली की स्टिअरिंग थरथरू लागते. लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेतात. आधी रिमचे मधले भोक पाहावे. पोलोमध्ये बोल्टांची मांडणी १०० मिमी वर्तुळावर पाच अशी आहे आणि हबचा मधला उंचवटा ५७.१ मिमी आहे. बाजारातील रिमचे मधले भोक अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठे ठेवलेले असते. मधल्या फटीत योग्य मापाची कडी बसवली नाही तर रिम केंद्रापासून किंचित ढळून घट्ट होते. ही कडी स्वस्त असते आणि तिच्याअभावी हजारो रुपयांचे टायर वेडेवाकडे झिजतात.

त्याहून गंभीर गोष्ट बोल्टांची आहे. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टांची बैठक गोल असते, तर बाजारातील बहुतेक रिमना ६० अंशांच्या शंकूसारख्या बैठकीचे बोल्ट लागतात. गोल बैठकीचा बोल्ट शंकूच्या खोबणीत केवळ एका बारीक वर्तुळावर टेकतो. घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण गाडी सुटताना बसणाऱ्या झटक्यांनी सैल होत जातो. ज्यांनी बाहेरची रिम बसवली आहे त्यांनी आजच एक बोल्ट काढून बैठक ताडून पाहावी. घासणे टाळण्यासाठी स्पेसर लावला असेल तर मूळ बोल्ट मूळ रिममध्ये जितके फेरे आत जात होते तितके फेरे नव्या रचनेतही गेले पाहिजेत. कमी भरत असतील तर लांब बोल्ट घेणे हाच उपाय आहे. पोलोच्या मूळ रिमच्या बोल्टांना १२० न्यूटन-मीटर कस (आवळण्याचा जोर) द्यावा लागतो. नव्या रिमसाठी तिच्या निर्मात्याने दिलेला आकडा विचारून घ्यावा. तो टॉर्क रेंचनेच (जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच) द्यावा, हवेच्या बंदुकीने नव्हे.

खऱ्या ड्रॅग टायरची मापे वाचताना

काहीजण परदेशी ड्रॅग स्लिकचे (नक्षी नसलेल्या गुळगुळीत टायरचे) माप पाहून गोंधळतात, कारण ते इंचांत आणि वेगळ्या क्रमाने लिहिलेले असते. २४.५/८.०-१५ याचा अर्थ एकूण व्यास साडेचोवीस इंच, रस्त्याला टेकणारा पट्टा आठ इंच आणि रिम पंधरा इंच. म्हणजे व्यास ६२२ मिमी, आपल्या ६०३ च्या टायरपेक्षा १९ मिमी अधिक. आणि आठ इंच ही केवळ पट्ट्याची रुंदी असल्यामुळे पोटाशी तो टायर त्याहून रुंद असतो. शिवाय तिरप्या थरांचा स्लिक वेग वाढताच व्यासाने फुगतो. ही सर्व वाढ मडगार्डखाली मावली पाहिजे. असे स्लिक केवळ शर्यतीसाठी बनतात. ते रस्त्यावर चालवण्यास योग्य नाहीत, आणि तिरप्या थरांचे टायर एका आसावर व रोजच्या गाड्यांवर असतात तसे रेडियल दुसऱ्या आसावर अशी जोडीही गाडीच्या वागण्याच्या दृष्टीने वाईट असते.

रस्त्यावर चालू शकतील असे ड्रॅग रेडियल आणि अर्धे-स्लिक टायर, उदाहरणार्थ टोयोचा आर८८८आर, हा मधला मार्ग आहे. परंतु आपल्याकडे त्यांच्याबाबत एक व्यावहारिक अडचण आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली आणि भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्ह असणे त्याआधीपासूनच बंधनकारक आहे. त्यामुळे परदेशी मऊ टायरच्या नावाखाली जुना, वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेला माल गळ्यात पडण्याची शक्यता असते. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतरच्या मालिकेच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मऊ रबर वयाबरोबर कडक होते, म्हणून नक्षी नवी कोरी दिसत असली तरी पाच वर्षे जुना ड्रॅग टायर मी घेणार नाही; त्यापेक्षा याच वर्षी बनलेला, भारतात मिळणारा चांगला रस्त्याचा टायर अधिक पकडतो.

भारनिर्देशांकाकडे दुर्लक्ष करू नये. १८५/६० आर१५ वर ८४ हा आकडा असतो, म्हणजे प्रत्येक टायर ५०० किलो पेलतो. १९५/५० आर१५ वर ८२ असतो, म्हणजे ४७५ किलो. रुंद आहे म्हणून तो अधिक भार पेलेल हा समज चुकीचा आहे.

टायर बसले, घासत नाहीत, तरी चाके फिरतात

पोलोसारख्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत सुटताना वजन मागे सरकते आणि ज्या चाकांनी ओढायचे तीच हलकी होतात. म्हणून मऊ टायर पुढे लागतात, मागे नव्हे. मागच्या-चाकांच्या गाड्यांसाठी दिलेला सल्ला येथे उलटा पडतो. चारही टायर महाग घेण्याऐवजी पुढचे दोन चांगले घ्यावेत आणि ते केवळ धावपट्टीवर चढवावेत, हा मार्ग मला खिशाला आणि सुरक्षिततेला दोन्हीकडून बरा वाटतो. घरी येताना पुन्हा चारही एकसारखे टायर असावेत, कारण पावसात मागची चाके पुढच्यांपेक्षा आधी निसटली तर गाडी गरकन फिरते.

चाके फिरण्याचे सर्वांत सामान्य कारण हवा हेच आहे. रोजच्या ३२-३३ पीएसआयवर मऊ टायर मधोमध फुगलेला राहतो आणि पट्ट्याच्या कडा रस्त्याला नीट लागत नाहीत. मी अर्ध्या-स्लिक टायरमध्ये २६ पासून सुरुवात करतो, प्रत्येक धावेनंतर एकेक पीएसआय कमी करतो आणि पट्ट्यावर आडवी खडूची रेघ ओढून ती सर्व रुंदीभर सारखी पुसली जाते का ते पाहतो. रस्त्याच्या साध्या टायरमध्ये २६ च्या खाली मी जात नाही. त्याखाली बाजूची भिंत दुमडते, चाक उड्या मारू लागते आणि तो मार ड्राइव्हशाफ्टला (चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्याला) बसतो. चाकाची ही उडी जाणवताच पाय काढावा.

आपल्या भागात हवेचा हिशोब उन्हासकट करावा लागतो. पहाटे २८ अंशांत भरलेली ३३ पीएसआय हवा दुपारी ४४ अंशांत, गाडी एक मीटरही न हलता, अडीच पीएसआयने वाढते. जळगावात मे महिन्याच्या पहाटे दाब लावून निघालेली गाडी लोणावळ्याच्या पुढे आंबी व्हॅलीच्या हवाई पट्टीवर, वेगळ्या उंचीवर आणि वेगळ्या गारव्यात धावणार असेल, तर घरचा आकडा तेथे उपयोगाचा नाही. दाबमापक सोबत न्यावा, तोच एक मापक सर्व ठिकाणी वापरावा, आणि ज्या बाजूच्या चाकांवर ऊन पडले आहे तिकडचा दाब वेगळा तपासावा.

धावेपूर्वी चाक फिरवून टायर तापवण्याचा प्रकारही जपून करावा. दोन-तीन सेकंद पुरेसे असतात. नक्षी असलेला टायर पाण्याच्या डबक्यात नेऊ नये. खाचांतले पाणी आणि मडगार्डखाली उडालेले पाणी ठिबकत नेमक्या सुटण्याच्या रेषेवर येते आणि टायर तापवूनही पकड जाते.

साठवणीविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण एक चांगला संच मी असाच गमावला. जागा नाही म्हणून यावल तालुक्यातील मेव्हण्यांच्या शेतावर, पत्र्याच्या शेडमध्ये, विहिरीच्या मोटरच्या आणि वेल्डिंगच्या यंत्राच्या शेजारी मी टायर ठेवले. एक उन्हाळा गेला आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा दिसू लागल्या. उष्णता तर रबराला मारतेच. त्यात मोटर आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांतून निर्माण होणारा ओझोन वायू रबर फोडतो. आता मी टायर धुऊन, वाळवून, जाड काळ्या पिशवीत बांधून घरातल्या सावलीच्या खोलीत ठेवतो.

शेवटी मी काय निवडले ते सांगतो. ७ इंची रिम विकल्या, मूळ ६ इंची रिमचा एक जादा जोड घेतला आणि त्यावर १९५/५५ आर१५ मऊ टायर, केवळ पुढच्या दोन चाकांसाठी. व्यास फक्त साडेसात मिमी कमी, भारनिर्देशांक ८५, मूळ बोल्ट जसेच्या तसे, आणि कणकेचा गोळा कुठेही दबला नाही. रुंदी दिसायला कमी आहे, पण गाडी सुटताना पूर्वीच्या २०५ पेक्षा ती अधिक नेमकी पकडते, कारण आता मला हवा निर्धास्तपणे कमी करता येते.

हे सारे बंद धावपट्टीसाठी आहे. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाच्या परवानगीने होणाऱ्या स्पर्धेत तांत्रिक तपासणी होते आणि रुग्णवाहिका उभी असते. धुळ्याच्या बायपासवर रात्री यांतले काहीच नसते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्त्यावर टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिमी असावी लागते, आणि मऊ टायर ती मर्यादा फार लवकर गाठतो. म्हणून धावपट्टीवरून निघण्यापूर्वी रोजचे टायर चढवावेत, हवा पुन्हा ३३ करावी, बोल्टांना कस द्यावा, आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पहिल्या चहाच्या थांब्याला टॉर्क रेंच काढून तो पुन्हा एकदा तपासावा.